अंदमानला तंबू न्यायचा का?

आमच्या तंबूचं वजन पावणेचार किलो आहे. हरिश्चंद्रगडावर जाताना तो नवऱ्याच्या पाठीवर असतो, त्यामुळे मला कधी जड वाटला नव्हता. पण अंदमानला जायचं ठरलं, विमानात माणशी पंधराच किलो सामान चालतं हे कळलं, आणि लेकीने स्नॉर्केलचा मास्क, फिन्स आणि दोन जाडजूड पुस्तकं आधीच बाजूला काढून ठेवलेली दिसली. मग प्रश्न आलाच. तंबू न्यायचा का? आणि नेला तर ठोकायचा कुठे?

पैसे वाचवणं हा हेतू नव्हता. फेब्रुवारीत हॅवलॉक बेटावर खोल्या महाग असतात हे खरं, पण विमानाच्या तिकिटांपुढे तो खर्च किरकोळ. नवऱ्याच्या डोक्यात तिथला राधानगरचा किनारा होता. तो फोटो सगळ्यांनीच पाहिलेला असतो, पांढरी वाळू आणि मागे उंच झाडांची भिंत. त्या भिंतीखाली रात्र काढायची, एवढंच त्याचं म्हणणं. लेकीला सूक्ष्म जिवांमुळे अंधारात चमकणारं समुद्राचं पाणी बघायचं होतं. आणि मला, खरं सांगायचं तर, रिसॉर्टच्या जेवणघरातल्या मोठ्या आवाजातल्या गाण्यांपासून लांब झोपायचं होतं.

कोकणात हा प्रश्न पडत नाही. काशीद, नागाव, दिवेआगर, कुठेही जा, किनाऱ्याला लागून कुणाची तरी वाडी असते. वाडीवाल्याला पैसे दिले की तंबूही तोच देतो, सकाळचे पोहेही तोच देतो. म्हणून मी सुरुवातीला अंदमानचा नकाशा उघडून नुसते सुंदर किनारे हेरत बसले होते. मग एका जुन्या ट्रेकर काकांनी फोनवर विचारलं, "अगं, पण ती जमीन कुणाची?" तिथून शोधाची दिशाच बदलली.

अंदमान-निकोबारचं क्षेत्रफळ ८,२४९ चौरस किलोमीटर. त्यातलं सुमारे ८७ टक्के सरकारदरबारी जंगल म्हणून नोंदलेलं आहे. म्हणजे फोटोतली ती झाडांची भिंत ही कुणाची वाडी नव्हे, बहुतेक ठिकाणी ते राखीव किंवा संरक्षित वन असतं. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं हा १९२७च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे, तिथे मुक्काम तर सोडाच. छोटी छोटी निर्जन बेटं, जी पाहून कुणालाही 'इथे एक रात्र' असं वाटावं, त्यांतली कितीतरी स्वतंत्र अभयारण्यं आहेत. या द्वीपसमूहात शंभराच्या आसपास अभयारण्यं आहेत ती अशीच, एकेका बेटाएवढी. जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटं १९८३ साली झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतात. तिथे दिवसाचा परवाना काढून जायचं, प्लास्टिकची बाटलीसुद्धा न्यायची नाही आणि दुपारी परतायचं. डिगलीपूरजवळची रॉस आणि स्मिथ बेटं वाळूच्या पट्ट्याने जोडलेली आहेत आणि फोटोत फार देखणी दिसतात, पण तीही दिवसापुरतीच.

आदिवासींच्या राखीव क्षेत्रांचा तर प्रश्नच नाही. १९५६च्या नियमावलीनुसार तिथे बाहेरच्याने पाऊल टाकायचं नाही. लिटल अंदमानच्या बटलर बे किनाऱ्याचं एक मैत्रीण फार कौतुक करत होती. त्याच बेटाचा मोठा भाग ओंगे लोकांसाठी राखीव आहे. किनाऱ्याकिनाऱ्याने मजेत चालत जाणाऱ्याला हद्द कुठे लागते हे कळेलच असं नाही. आठवीतल्या मुलीला घेऊन मला ती जोखीम नको होती. शिवाय जहाजाला सहा-आठ तास लागतात आणि लेकीला बोट लागते. लिटल अंदमानवर फुली.

अशा फुल्या मारत मारत नकाशावर जे उरलं ते फारच थोडं होतं. पाचशेच्या वर बेटं आहेत, पण माणसं राहतात ती चाळिशीच्या आतच. आणि तंबू ठोकायची परवानगी मागायला माणूस तर हवा!

राधानगरचा नाद मात्र नवऱ्याने सोडला नव्हता. पूर्वी लोक तिथे झाडांखाली झोळ्या बांधून झोपत, अशी वर्णनं त्याने कुठे कुठे वाचली होती. मी हॅवलॉकच्या ज्या झोपडीवजा रिसॉर्टमध्ये जागा राखली होती, तिथल्या दादांना फोन लावला. हॅवलॉकची वस्ती मुख्यतः फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची. गावांची नावंही गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. अंदमानात सगळे हिंदी बोलतात, पण दादांच्या हिंदीतून बंगाली डोकावत होती. राधानगरला तंबू म्हटल्यावर ते हसले. म्हणाले, "सूरज डूबा तो सीटी बजेगा, फिर सब को बाहर." मग जरा थांबून म्हणाले, "और मगर का भी तो सोचना है ना."

मगर! हा विषय घरात काढायचा की नाही, यावर मी एक दिवस विचार केला आणि मग काढला. अंदमानात खाऱ्या पाण्यातली मगर आहे. कांदळवनात, खाडीच्या मुखाशी तिचा वावर असतो, आणि ती समुद्रातून पोहत एका खाडीतून दुसऱ्या खाडीत जाते. २०१० साली एप्रिलमध्ये राधानगरला लागूनच असलेल्या एका छोट्या कोनाड्यासारख्या किनाऱ्यावर स्नॉर्केलिंग करणाऱ्या अमेरिकन पर्यटक मुलीला मगरीने मारलं. वांडूर किनाऱ्यावर इशाऱ्याच्या पाट्या आहेत. याचा अर्थ अंदमानात पाण्यात उतरूच नये असा नाही. हजारो लोक रोज उतरतात आणि आम्हीही उतरलो. पण दिवसा, लोकांमध्ये, जीवरक्षक असताना उतरणं वेगळं आणि रात्री पाण्याच्या कडेला कापडाच्या घरात झोपणं वेगळं. आमच्या यादीत पहिला नियम आला तो असा: खाडी किंवा कांदळवन जवळ असेल तिथे तंबू नाही, आणि अंधार पडल्यावर पाण्याच्या रेषेशी कुणी जायचं नाही. लेकीने चमकत्या पाण्याचं काय, म्हणून तोंड पाडलं. त्यावर नंतर मार्ग निघाला.

कासवांचा मुद्दा लेकीनेच काढला. डिसेंबर ते फेब्रुवारी हा अंदमानात कासवांच्या विणीचा काळ. रंगतजवळचा कथबर्ट बे, डिगलीपूरचा कालीपूर किनारा त्यासाठीच ओळखला जातो. आम्ही तिला लहानपणी वेळासच्या कासव महोत्सवाला नेलं होतं. तिथे किनाऱ्यावर विजेरी लावली म्हणून गावातल्या एका काकांनी नवऱ्याला चारचौघांत झापलं होतं. "बाबा, तुझा हेडलॅम्प पाहून कासवीण परत जाईल," असं लेक म्हणाली आणि उघड्या वाळूवर झोपायचा विषय बऱ्यापैकी संपला.

बऱ्यापैकीच. कारण मग भरतीचा हिशेब आला आणि त्यात माझे वडील पडले.

वडील हर्णैचे. भरतीची वेळ काढायला त्यांना तक्ता लागत नाही. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वा अकराला. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा येतो, भरतीही तशीच सरकते, म्हणून हा पाऊणपटीचा हिशेब कोकणात जमतो. अंदमानातही रोजचं सरकणं तेच, पण सुरुवातीची वेळ प्रत्येक बंदराची वेगळी. तिथे हर्णैचा पाढा चालत नाही. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते काढतं, त्यात पोर्ट ब्लेअर आहे. मी तो तक्ता वडिलांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "वेळ सोड. कुठल्या तिथीला जाताय ते सांग."

कारण तंबूवाल्याला वेळेपेक्षा उंची महत्त्वाची. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमी उलटल्यावर भांग, म्हणजे भरती सगळ्यांत कमी चढते. पोर्ट ब्लेअरला उधाणातही पाणी दोनेक मीटरच चढतं, मुंबईसारखं चार-साडेचार नाही. ऐकायला हे थोडं वाटतं. पण राधानगरसारखा किनारा अगदी मंद उताराचा आहे. तिथे दोन मीटर उंची म्हणजे वाळूवरचं अंतर भरपूर. दुपारी ओहोटीला जी ऐसपैस पुळण दिसते, तिचा बराचसा भाग उधाणाच्या भरतीला पाण्याखाली जातो आणि लाटा झाडांच्या मुळांशी येतात. पुढे वाळू ओली आणि मागे वन खात्याची हद्द, मग तंबूला कायदेशीर आणि कोरडी अशी जागाच राहत नाही. हे मी कागदावर रेघा मारून नवऱ्याला दाखवलं. तो इंजिनिअर आहे. त्याला रेघा पटतात.

आता तिथी. लेकीला चमकणारं पाणी दिसायचं तर काळोख हवा, म्हणजे अमावास्येच्या आसपास जायला हवं. पण अमावास्येला उधाण. शुद्ध अष्टमीला भांग असतो, पण तेव्हा संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत चंद्र डोक्यावर. वडिलांनीच तोड काढली: वद्य अष्टमी-नवमी धरा. पाणी भांगाचं, आणि चंद्र उगवणार मध्यरात्रीच्या सुमारास, म्हणजे संध्याकाळचे पाच-सहा तास मिट्ट काळोख. आमच्या सुट्टीत माघ वद्य नवमी बसत होती. "दासनवमीला तुम्ही तंबूत!" म्हणत आईने कपाळावर हात मारला, पण तारखा ठरल्या.

काळोखाबद्दल एक गोष्ट नकाशा सांगत नाही. अंदमान बरंच पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र आपलंच. डिसेंबरात तिथे पाचच्या आत सूर्य बुडतो, फेब्रुवारीच्या मध्यावर साडेपाचच्या सुमारास. मुंबईच्या सवयीने चार वाजता चहा घेऊन जागा शोधायला निघालो, तर तंबू काळोखातच उभारावा लागेल. त्यामुळे दुसरा नियम आला: दुपारच्या जेवणाआधी जागा पक्की. आणि सकाळ सहाला होते. सातला तंबूत घामाच्या धारा लागतात, म्हणून सावली हवी. सावली म्हटलं की नारळ डोळ्यांपुढे येतो, आणि नारळाखाली झोपायचं नाही हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. हॅवलॉकच्या किनाऱ्यावरचे सागरी महुआचे जुने वृक्ष फार सुंदर, पण वाळलेल्या फांद्या तेही टाकतात. म्हणजे सावली हवी, पण नारळ नको आणि जुनाट फांद्याही नकोत. यादी लांबत चालली होती आणि नकाशा आक्रसत होता.

याच काळात नवऱ्याने एकदा विचारलं की हे सगळं करण्यापेक्षा तंबू घरीच ठेवला तर? मीही तेव्हा जवळजवळ तयार झाले होते. पण त्याच आठवड्यात लाँग आयलंडचं नाव निघालं.

लाँग आयलंड मध्य अंदमानात, रंगतच्या समोर. पोर्ट ब्लेअरहून समुद्रमार्गे ऐंशी-एक किलोमीटर. बेटावर एक गाव, जेट्टीपासून चालत जायच्या वाटा, गाड्यांचा गोंगाट नाही. बेटाच्या पलीकडच्या अंगाला लालाजी बे नावाचा किनारा आहे आणि अंदमानात तंबू घेऊन फिरणाऱ्या जुन्या मंडळींच्या तोंडी तेच नाव असतं. एका ओळखीच्या ओळखीतून गावातल्या एका घराचा फोन मिळाला. ते घरी दोन खोल्या पाहुण्यांना देतात. मी लालाजी बेचं विचारलं, तर दीदी म्हणाल्या, तिथे रात्री राहायचं तर वन खात्याला विचारावं लागेल, आणि तुम्ही नवीन माणसं, मुलगी बरोबर, मी तर नको म्हणेन. मग म्हणाल्या, "टेंट है तो हमारे आँगन में लगा लो. पानी कुएँ का है, बाथरूम घर का."

मला तेव्हाच उत्तर मिळालं होतं. नवऱ्याला ते पचायला वेळ लागला. अंदमानला जाऊन कुणाच्या अंगणात? समुद्र दिसणार नाही? मी त्याला विचारलं, रात्री नऊ वाजता काळोखात समुद्र तसाही कुठे दिसणार आहे? आणि पिण्याच्या पाण्याचं काय? अंदमानात पाऊस धो धो पडतो, पण बारमाही म्हणावी अशी नदी कल्पाँग, ती वर डिगलीपूरकडे. उन्हाळ्याकडे झुकलं की बेटांवर पाण्याची ओढ लागते. निर्जन किनाऱ्यावर तिघांना लागणारं पाणी डोंगीतून वाहून न्यावं लागलं असतं. विहीर असलेलं अंगण हा माझ्या लेखी समुद्रदर्शनापेक्षा मोठा गुण आहे. गड चढणाऱ्या माणसाने तरी यावर वाद घालू नये, कारण गडावर आपण टाकं बघूनच पाठीवरचं सामान उतरवतो.

आणखी एक गोष्ट बोलून घेतली. २००४च्या त्सुनामीत या बेटांची काय दशा झाली ते सगळ्यांना आठवतं. निकोबारच्या टोकाचा इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त खचला. हैदराबादहून इशारा देणारी यंत्रणा २००७पासून आहे, पण अंदमान भूकंपाच्या पट्ट्यालाच चिकटलेलं असल्याने हाताशी वेळ थोडा असतो. जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली तर भोंग्याची वाट न बघता चढण धरायची. दीदींना विचारलं तेव्हा त्यांनी सहज सांगितलं की घरामागची वाट टेकाडावर जाते. अंगणाला आणखी एक गुण मिळाला.

जायचा मार्ग ठरवताना आमच्यात एकमत होतं. पोर्ट ब्लेअरहून रंगतला रस्त्यानेही जाता येतं, पण तो अंदमान ट्रंक रोड जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगहून गाड्यांचे ताफे सोडतात, मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली हा रस्ता त्या भागात बंद करायला सांगितलं होतं, तरी तो चालूच राहिला. २०१२ साली पर्यटकांसमोर जारवा बायकांना नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गाजली. ज्या रस्त्यावर माणसं बघायला गर्दी होते, तिथून मला मुलीला न्यायचं नव्हतं. बोटीला वेळ जास्त लागला तरी चालेल. हॅवलॉकला जाऊन तिथून पुढे रंगतकडे जाणारी सरकारी बोट धरायची असं ठरलं. ती रोज नसते आणि तिकिटांत स्थानिकांना प्राधान्य असतं, जे योग्यच आहे. म्हणून आम्ही परतीला एक मोकळा दिवस राखला. डिसेंबर २०१६मध्ये वादळामुळे हॅवलॉक आणि नील या बेटांवर शेकडो पर्यटक अडकले होते आणि नौदलाने त्यांना काढलं होतं. फेब्रुवारीत समुद्र बराच शांत असतो, पण विमान धरायच्या दिवशी बेटावर झोपून उठू नये, एवढं तरी पाळावं.

सामानाचं थोडक्यात. गॅसचं नळकांडं विमानात कुठेच चालत नाही, त्यामुळे चूल घरी राहिली. पावणेचार किलोंमधून तंबूखालचं जाड कापड वगळलं. लोखंडी मेखा मोठ्या बॅगेत टाकल्या, पॉवरबँक हातातल्या. वाळूत मेख धरत नाही म्हणून कापडी पिशव्या घेतल्या, त्यांत वाळू भरून पुरायच्या. त्या शेवटी अंगणात लागल्याच नाहीत, परत येताना त्यात लेकीचे ओले कपडे आले. बाहेरचं पावसाळी आवरण मात्र घेतलंच, फेब्रुवारी असला तरी. आणि खोबरेल तेल. अंदमानच्या किनाऱ्यावर सँडफ्लाय नावाच्या अगदी बारीक माशा असतात. संध्याकाळी आणि पहाटे ओलसर वाळूवर त्या चावतात आणि मग अनेक दिवस खाज सुटते. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून त्या आत येऊ शकतात. आमच्या तंबूची जाळी त्यापेक्षा बारीक होती. तंबू न्यायच्या बाजूने हा एक अनपेक्षित मुद्दा निघाला.

पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४पासून श्रीविजयपुरम झालं आहे, हॅवलॉकचं २०१८पासून स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप. बोलताना अजून सगळे जुनीच नावं घेतात, मीही तीच लिहितेय. सेल्युलर जेल पाहिलं. सावरकरांच्या कोठडीपाशी मराठी माणसांची गर्दी होती, आणि तिथे आमच्या गल्लीतले एक आजोबा भेटले, हे वेगळंच.

हॅवलॉकला राधानगर पाहिल्यावर नवऱ्याचं काय होतं याची मला उत्सुकता होती. दुपारी तीनला आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी होती आणि पुळण खरोखर ऐसपैस होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. तो उठला, झाडांच्या रेषेपर्यंत चालत गेला आणि तिथे बराच वेळ वाकून काहीतरी बघत होता. परत आला तेव्हा हातात शेवाळ चिकटलेली काटकी होती. उधाणात वाहून आलेल्या कचऱ्याची रेघ झाडांच्या बुंध्यांशीच होती. सूर्यास्तानंतर जीवरक्षकांच्या शिट्ट्या सुरू झाल्या आणि रिक्षावाले गिऱ्हाईकं हाकारू लागले. दादांच्या झोपडीकडे परतताना त्याने एवढंच विचारलं, लाँग आयलंडची बोट किती वाजता आहे?

हॅवलॉकमध्येही तंबूला एक जागा मिळत होती. पाच नंबरच्या किनाऱ्यावर एका रिसॉर्टच्या बागेत. आम्ही जाऊन पाहिली. वर नारळ, बाजूला जनरेटर, आणि रात्रभर चालू राहणारा दिवा. खोलीच्या जवळजवळ निम्मे पैसे सांगत होते. त्या पैशांत पंखा न मिळता नारळ मिळणार असेल, तर खोलीच बरी. तिथे आम्ही खोलीतच राहिलो आणि मजेत राहिलो.

लाँग आयलंडला बोट लागली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. जेट्टीवरून पाठीवर सामान घेऊन चालत दीदींच्या घरी पोहोचलो. अंगण म्हणजे झाडून स्वच्छ केलेली मातीची जागा, एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला आंब्याचं मध्यम वयाचं झाड, आणि सुपारीची रांग कुंपणाशी. दीदींनी आम्हाला आंब्याखालची जागा दाखवली. नवऱ्याने जमिनीचा उतार पाहिला, पावसाचं पाणी कुठून वाहतं ते विचारलं, आणि तंबू हातभर सरकवून लावला. दीदींच्या सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. त्यांनी बंगालीत काहीतरी सांगितलं. दीदी हसून म्हणाल्या, "माँ पूछ रही है, घर में जगह है तो ये लोग बाहर क्यों सो रहे हैं?" या प्रश्नाला आमच्याकडे धड उत्तर नव्हतं. लेकीने "तारे" म्हणून वर बोट दाखवलं. सासूबाईंचं त्याने समाधान झालं नाही.

लालाजी बेला दुसऱ्या दिवशी गेलो. डोंगीवाल्या दादांना सकाळीच ठरवलं होतं आणि दुपारी परत न्यायला यायचं सांगितलं होतं. वर्णन मी लांबवत नाही. पाणी काचेसारखं, माणूस नावाला नाही, आणि दोन तासांत माझ्या घोट्यांवर सँडफ्लायने नक्षी काढली, खोबरेल असूनही. दुपारी दादांची डोंगी कोपऱ्यावरून येताना दिसली तेव्हा नवऱ्यानेच सगळ्यांत आधी सामान उचललं.

चमकणारं पाणी लेकीला दिसलं ते जेट्टीवरून. दादांना आम्ही आधीच विचारलं होतं की पाण्यात न उतरता ते कुठून बघता येईल. त्यांनी जेट्टीचं दिवा नसलेलं टोक दाखवलं. साडेसातला, चंद्र उगवायला बरेच तास होते, ती पालथी पडून दोरीला बांधलेली बादली खाली सोडत होती आणि वर ओढत होती. बादली ढवळली की निळसर ठिणग्या उठत. गावातली तीन-चार पोरं जमली. त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं, पण बादलीच्या खेळात ती लगेच सामील झाली. जेवायला उशीर झाला म्हणून दीदी स्वतः बोलवायला आल्या.

तंबूतली झोप छान होती असं मी म्हणणार नाही. पहिल्या रात्री हवा हलत नव्हती. बाहेरचं आवरण काढून नुसत्या जाळीत झोपलो तेव्हा जरा बरं वाटलं. पहाटे कोंबडा कानाशी आरवला. शेजारच्या कुत्र्याला आमचे बूट आवडले. एकदा मध्यरात्रीनंतर शिडकावा आला आणि दोघांनी उठून, अर्धवट झोपेत, आवरण परत चढवलं. लेक तोवर बादली कुशीशी घेऊन झोपली होती. घोण, म्हणजे मोठी विषारी गोम, मात्र दिसली नाही. अंदमानात ती चांगली वीतभर असते म्हणून आम्ही रोज बूट झटकून घालत होतो आणि तंबूची चेन एक मिनिटही उघडी ठेवत नव्हतो.

निघायच्या दिवशी हिशेब करताना दीदींनी जेवणाचे पैसे लावले आणि अंगणाचे घेईनात. नवऱ्याने वाद घातला, कारण बाथरूम, विहीर, सासूबाईंची देखरेख हे सगळं वापरलं होतं. शेवटी खोलीच्या पाव भावावर तडजोड झाली. मग त्यांनी विचारलं की असे तंबूवाले लोक आणखी येतील का, आणि आले तर त्यांना नक्की काय लागतं? नवऱ्याने वहीचं पान फाडलं आणि ओट्यावर बसून काढायला घेतलं: आठ बाय सात फुटांचा मातीचा चौथरा, जमिनीपेक्षा वीतभर उंच, विहिरीच्या विरुद्ध बाजूला हलका उतार, कडेला कपडे वाळत घालायला दोरी. लेकीने खाली लिहिलं, नारळ नको. सासूबाईंनी तो कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि चौथऱ्यावर पत्र्याचं छप्परही घालून टाका, असं सुचवलं.